खिडक्या मांडणारी आज्ञा : संगणकावर घ्यावी कशी आणि काढावी कशी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तिथल्या सगळ्या संगणकांवर उबंटू ही लिनक्स प्रणाली चालते. हिशेब पाहणाऱ्या बाईंच्या पडद्यावर दिवसभर चार खिडक्या उघड्या असतात : ऑर्डरींचा तक्ता, मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचे पान, बँकेचे पान आणि मेल. तक्ता डाव्या अर्ध्या भागात हवा, ई-वे बिल उजव्या अर्ध्या भागात हवे, आणि उरलेल्या दोन खिडक्या दुसऱ्या कार्यपटलावर (वर्कस्पेसवर) हव्यात, अशी त्यांची मांडणी ठरलेली होती. ती रोज सकाळी माउसने ओढून-ताणून करावी लागे, आणि दुपारी वीज जाऊन आली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्या म्हणाल्या, "सर, मागावर बीम चढवायला लागत नाही एवढा वेळ मला ह्या खिडक्या लावायला लागतोय की." बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवायला किती वेळ लागतो हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही, पण तक्रार रास्त होती.

त्यावर मी जो उपाय केला, त्याचे नाव डब्ल्यूएमकंट्रोल. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, आज्ञा देऊन खिडक्या हलवणारे, लहान-मोठ्या करणारे आणि बंद करणारे हे छोटेसे साधन आहे. या लेखात ते संगणकावर घेण्याची रीत सांगितली आहे आणि काढण्याचीही. काढण्याबद्दल जरा विस्ताराने लिहिले आहे, कारण घेताना माझी काहीच अडचण झाली नाही आणि काढताना मात्र चांगलीच फजिती झाली.

लिपीविषयी आधी एक खुलासा. आज्ञा टंकायच्या असतात त्या रोमन अक्षरांत, आणि त्या प्रणालीत लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. येथे त्या जशा उच्चारल्या जातात तशा देवनागरीत दिल्या आहेत. साधनाचे नाव टंकताना डब्ल्यू, एम, सी, टी, आर, एल ही सहा अक्षरे, सगळी लहान आणि मध्ये मोकळी जागा न सोडता टंकावीत. 'कंट्रोल' हा शब्द पूर्ण लिहिला तर संगणकाला काही समजत नाही. 'डॅश' म्हटले आहे तिथे आडवी छोटी रेघ समजावी, आणि 'अंडरस्कोर' म्हटले आहे तिथे ओळीच्या तळाशी येणारी रेघ.

आता हे साधन नेमके काय करते ते पाहू. पडद्यावर दिसणारा प्रत्येक प्रोग्राम फक्त आपल्या खिडकीच्या आतला मजकूर रंगवतो. ती खिडकी पडद्यावर कुठे असावी, केवढी असावी, दोन खिडक्या एकमेकींवर आल्या तर वर कोणती दिसावी, हे ठरवणारा वेगळाच एक प्रोग्राम असतो, त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. उबंटूच्या नेहमीच्या ग्नोम पटलात (डेस्कटॉपमध्ये) हे काम मटर नावाचा प्रोग्राम करतो, केडीईमध्ये केविन करतो. सोलापुरात गिरण्या चालू होत्या त्या काळी खात्यात जॉबर असे; कोणता कामगार कोणत्या मागावर उभा राहील हे तो ठरवी, कामगार आपणहून जागा बदलत नसे. विंडो मॅनेजर हा पडद्यावरचा जॉबर समजावा.

डब्ल्यूएमकंट्रोल स्वतः कोणतीही खिडकी हलवत नाही. ते जॉबरला चिठ्ठी देते : अमुक खिडकी अमुक ठिकाणी न्या. चिठ्ठीचा मसुदा कसा असावा याचे एक सर्वमान्य प्रमाण आहे, त्याचे नाव एक्सटेंडेड विंडो मॅनेजर हिंट्स, आणि एक्स-इलेव्हन या जुन्या चित्रप्रणालीवर चालणारे बहुतेक विंडो मॅनेजर ते पाळतात. त्यामुळे पटल ग्नोम असो, केडीई असो की एक्सएफसीई, आज्ञा तीच राहते. तोमाश स्टिब्लो यांनी हे साधन सी भाषेत लिहिले आणि त्याची १.०७ ही आवृत्ती आजही सर्वत्र चालू आहे. इतकी वर्षे आवृत्ती बदललेली नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. माझ्या मते चिठ्ठीचा मसुदा बदललेला नाही, तोवर चिठ्ठी लिहिणारा बदलण्याचे कारण नाही.

मात्र जॉबरच चिठ्ठी वाचणारा नसेल, तर साधन घेऊन उपयोग नाही, आणि हा प्रश्न घेण्याच्या आधीच तपासला पाहिजे. अलीकडच्या लिनक्समध्ये एक्स-इलेव्हनची जागा वेलँड या नव्या चित्रप्रणालीने घेतली आहे. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून बहुतेक संगणकांवर वेलँड हीच मूळ निवड केली. वेलँडमध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या खिडकीला हात लावावा हे सुरक्षेच्या दृष्टीने मुद्दामच टाळलेले आहे. तिथे डब्ल्यूएमकंट्रोल चालवले तर जे जुने प्रोग्राम एक्स-वेलँड नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात तेवढ्यांच्याच खिडक्या दिसतात, किंवा यादी मिळत नसल्याचा इंग्रजी संदेश येतो. साधन बिघडले असे समजून लोक ते पुन्हा पुन्हा काढतात आणि बसवतात, पण त्यात साधनाचा काही दोष नसतो.

आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे पाहण्यासाठी टर्मिनल उघडून 'एको' हा शब्द, मग एक जागा, मग डॉलरचे चिन्ह आणि त्याला जोडून 'एक्सडीजी अंडरस्कोर सेशन अंडरस्कोर टाइप' हे नाव मोठ्या अक्षरांत टंकावे. उत्तर 'एक्स-११' आले तर पुढे जावे. 'वेलँड' आले तर बाहेर पडून पुन्हा आत येताना, परवलीचा शब्द टाकण्याच्या पडद्यावर कोपऱ्यात दातेरी चाकाचे चिन्ह दिसते, त्यावर 'उबंटू ऑन एक्सऑर्ग' (म्हणजे एक्स-इलेव्हनवर) हा पर्याय आहे का ते पाहावे. २५.०४ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो सापडतो, २५.१० मध्ये ग्नोम पटलासाठी तो काढून टाकलेला आहे. वेलँडवर चालणारा स्वे हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना त्याचेच 'स्वे-मेसेज' हे साधन मिळते आणि त्यांना या लेखातील खटाटोपाची गरज नाही.

समोरच्या फाटकाने

उबंटूमध्ये कोणताही प्रोग्राम घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे 'ॲप्ट'. ही पद्धत समजण्यासाठी गोदामाचे उदाहरण पुरेसे आहे. गोदामाच्या फाटकावर आवक-जावक वही असते. गाठ आत आली की नोंद, बाहेर गेली की नोंद आणि गेटपास. ॲप्टच्या मागे 'डीपॅकेज' नावाची अशीच वही काम करते. कोणत्या पॅकेजने (प्रोग्रामच्या बांधून आलेल्या गाठीने) कोणत्या फाइली कुठे ठेवल्या याची ओळन् ओळ तिच्यात असते, आणि म्हणूनच काढताना त्या नेमक्या शोधून उचलता येतात.

पहिली आज्ञा 'सुडो ॲप्ट अपडेट'. नावामुळे गैरसमज होतो, पण या आज्ञेने संगणकावरचा एकही प्रोग्राम बदलत नाही. दूरच्या भांडारात आज काय काय उपलब्ध आहे याची ताजी यादी फक्त उतरवून घेतली जाते. 'सुडो' लावले की आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते, त्यामुळे परवलीचा शब्द विचारला जातो, आणि तो टंकताना पडद्यावर ना अक्षर उमटते ना ठिपका. कार्यालयात नव्याने आलेला एक मुलगा याच ठिकाणी कीबोर्ड बंद पडला असे समजून वायर काढून पुन्हा लावत बसला होता. अक्षरे दिसत नसली तरी जात असतात; शब्द पुरा करून एंटर दाबावे.

दुसरी आज्ञा 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे साधनाचे सहा अक्षरी नाव. लिनक्सच्या फेडोरा या प्रकारावर ॲप्टच्या जागी 'डीएनएफ' येते, आर्च या प्रकारावर 'पॅकमन' आणि मोठ्या एसचा डॅश. बाकी रीत तीच. पॅकेज अगदी लहान असल्याने डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काम संपते. त्याला लागणारी बाकीची सामग्री पटलासोबत बहुधा आधीच आलेली असते, त्यामुळे सोबत दुसरे काही उतरवायचे नसते आणि अशा वेळी ॲप्ट 'पुढे जाऊ का' असे विचारतही नाही. काढताना मात्र ते हमखास विचारते. हा फरक मला आवडतो; गोदामातही एखादी गाठ आत घेताना फारशी विचारपूस होत नाही, पण बाहेर जाणाऱ्या गाठीसाठी फाटकावर थांबावेच लागते.

कधी कधी 'लॉक मिळाले नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. त्या वेळी संगणक पाठीमागे स्वतःचीच सुरक्षा-दुरुस्ती उतरवून घेत असतो आणि वही त्याच्या हातात असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, पण दुसरा लिहीत असताना त्याच्या हातून वही ओढून घेण्यासारखेच ते आहे, आणि फाटलेली वही नंतर आपल्यालाच चिकटवत बसावी लागते.

साधन आले की पहिली चाचणी 'डब्ल्यूएमकंट्रोल डॅश एम'. उत्तरात विंडो मॅनेजरचे नाव दिसले, म्हणजे जॉबर चिठ्ठी वाचतो आहे. त्यानंतर 'डॅश एल' दिल्यावर उघड्या खिडक्यांची यादी येते. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात : खिडकीचा शून्य-एक्सने सुरू होणारा क्रमांक, ती कोणत्या कार्यपटलावर आहे तो आकडा, संगणकाचे नाव आणि शेवटी खिडकीचे शीर्षक. कार्यपटले शून्यापासून मोजली जातात, म्हणजे आपले दुसरे ते साधनाचे पहिले. आकड्याच्या जागी उणे एक दिसले तर ती खिडकी सर्व कार्यपटलांवर चिकटलेली आहे असे समजावे.

बाईंच्या पडद्याची रुंदी १९२० ठिपके आणि उंची १०८०. तक्ता डाव्या अर्ध्यात बसवण्याची आज्ञा अशी : साधनाचे नाव, 'डॅश आर', अवतरणचिन्हांत खिडकीच्या शीर्षकातला एखादा शब्द, 'डॅश ई' आणि मग पाच आकडे, ०,०,०,९६०,१०८०. पाच आकड्यांतला पहिला खिडकीचे माप कोणत्या टोकापासून धरायचे हे सांगतो, तो शून्यच ठेवावा; दुसरा डावीकडून अंतर, तिसरा वरून अंतर, चौथा रुंदी, पाचवा उंची. उजव्या अर्ध्यासाठी दुसरा आकडा ९६० होतो, एवढाच बदल. एखादी गोष्ट आहे तशीच राहू द्यायची असेल तर तिच्या जागी उणे एक लिहावे. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडू नये, नाहीतर संगणक पाच आकडे एकत्र वाचत नाही.

ही आज्ञा दिली आणि खिडकी जागची हललीच नाही, असा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. खिडकी पूर्ण पडदाभर पसरलेली असेल, तर बहुतेक विंडो मॅनेजर तिचे माप बदलायला नकार देतात. आधी 'डॅश बी' लावून तिचा उभा आणि आडवा विस्तार काढावा लागतो. त्यासाठी 'रिमूव्ह', स्वल्पविराम, 'मॅक्सिमाइझ्ड अंडरस्कोर व्हर्ट', स्वल्पविराम, 'मॅक्सिमाइझ्ड अंडरस्कोर हॉर्झ' असे जोडून लिहितात. यात माझी जवळजवळ एक दुपार गेली, कारण चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही.

दुसरी गफलत शीर्षकाची. दिलेला शब्द ज्या खिडकीच्या शीर्षकात प्रथम सापडेल ती खिडकी साधन उचलते, आणि शब्द शीर्षकात कुठेही असला तरी चालतो. मी 'ऑर्डर' हा शब्द दिला होता. एकदा एका व्यापाऱ्याचा मेल उघडलेला होता आणि त्याच्या विषयातही ऑर्डर हा शब्द होता, तेव्हा तक्ता जागेवरच राहिला आणि मेल डावीकडे जाऊन बसला. म्हणून शब्दाऐवजी प्रोग्रामच्या जातीवरून खिडकी ओळखणे बरे. 'डॅश एल' सोबत 'डॅश एक्स' दिले की प्रत्येक खिडकीची जात यादीत दिसते आणि तीच पुढच्या आज्ञेत 'डॅश एक्स' लावून वापरता येते. एकाच ब्राउझरच्या दोन खिडक्या असतील तर जातही सारखीच येते, तिथे क्रमांकाला आणि 'डॅश आय'ला पर्याय नाही.

बाकीचे थोडक्यात सांगता येईल. 'डॅश ए' खिडकी पुढे आणते, 'डॅश एस' कार्यपटल बदलते, 'डॅश आर' व 'डॅश टी' मिळून खिडकी दुसऱ्या कार्यपटलावर धाडतात आणि 'डॅश सी' खिडकी बंद करते. हे बंद करणे कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करण्यासारखेच सौम्य असते, त्यामुळे न साठवलेला तक्ता असेल तर प्रोग्राम नेहमीप्रमाणे विचारतो.

या सगळ्या आज्ञा मी एका फाइलीत ओळीने लिहिल्या, फाइलीला 'मांडणी' असे नाव दिले, ती बाईंच्या होम फोल्डरमधल्या 'बिन'मध्ये ठेवली, आणि सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोल, आल्ट व एम ही बटणे एकत्र दाबली की ती चालावी अशी सोय केली. वीज गेल्यानंतर संगणक सुरू होताच मांडणी आपोआप व्हावी म्हणून तीच फाइल सुरुवातीला चालणाऱ्या प्रोग्रामांतही घातली. खिडकी उघडायला चार-पाच सेकंद लागतात आणि नसलेल्या खिडकीला दिलेली आज्ञा वाया जाते, म्हणून फाइलीच्या सुरुवातीला एक फेरा लिहिला : यादी पाहा, तक्ता दिसतो का बघा, नसेल तर पुन्हा यादी पाहा. पुढचा घोळ याच फेऱ्याने केला.

बाहेर काढताना

दोन वर्षे हे उत्तम चालले. मग कार्यालयात नवे संगणक आले, त्यांच्यावर वेलँड हीच प्रणाली ठेवायचे ठरले, आणि जुन्या यंत्रांवरही तसेच करण्यासाठी मी डब्ल्यूएमकंट्रोल काढायला घेतले. 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' आणि पुढे नाव, एवढी एक आज्ञा दिली, होकारासाठी वाय दाबला, काम झाले असे मानून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला : "सर, खिडक्यांचं राहू द्या, पण ह्या डब्याचा पंखा मळणी यंत्रासारखा का ओरडतोय?" मे महिना होता, सोलापूरचे ऊन होते, म्हणून आधी धुळीवर संशय घेतला. टर्मिनलमध्ये 'टॉप' ही आज्ञा देऊन पाहिले तर प्रोसेसरची अख्खी शक्ती एक 'बॅश', म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, खात होता. तो माझाच फेरा होता. मांडणीची फाइल नेहमीप्रमाणे सुरू झाली, तिने यादी मागितली, यादी देणारे साधनच नव्हते, म्हणून तक्ता दिसला नाही, म्हणून पुन्हा यादी मागितली, आणि असे सेकंदाला शेकडो वेळा, सकाळी नऊपासून. फेऱ्यात प्रत्येक वेळी एक सेकंद थांबण्याची 'स्लीप' आज्ञा मी घातली नव्हती. साधन जागेवर होते तोवर फेरा चार-पाच सेकंदांत संपत असे, त्यामुळे ही चूक दोन वर्षे झाकलेली राहिली.

ॲप्टचा यात दोष नव्हता. त्याने आपल्या वहीत जेवढी नोंद होती तेवढे चोख बाहेर काढले. 'डीपॅकेज डॅश एल', त्यात एल मोठा, आणि पुढे साधनाचे नाव, असे आधी विचारले असते तर त्या नोंदीत काय आहे ते मला दिसले असते : एक चालवण्याची फाइल, एक माहितीचे पान, परवाना आणि बदलांची नोंद असलेल्या दोन-तीन दस्तऐवजी फाइली. माझी 'मांडणी', तिला जोडलेली बटणे, सुरुवातीच्या यादीतले तिचे नाव, यांतले काहीच त्या वहीत नव्हते, कारण ते ॲप्टच्या फाटकातून आलेच नव्हते. ते मी हाताने ठेवले होते आणि मीच हाताने उचलायला हवे होते.

म्हणून आता मी उलट्या क्रमाने जातो. आधी सेटिंगमधून बटणांची जोडणी काढतो. मग होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग' या दडलेल्या फोल्डरात 'ऑटोस्टार्ट' आहे, तिथली नोंद पुसतो. मग 'ग्रेप'ला होम फोल्डरात साधनाचे नाव शोधायला लावतो, म्हणजे आणखी कोणत्या फाइलीत त्याला हाक मारलेली आहे ते कळते. एका यंत्रावर बॅशच्या सुरुवातीच्या फाइलीत मीच कधीतरी लिहून ठेवलेले एक टोपणनाव असे सापडले. या सगळ्यानंतर शेवटी पॅकेज.

पॅकेज काढण्याच्या दोन आज्ञा आहेत, 'रिमूव्ह' आणि 'पर्ज', आणि त्यांतला फरक अनेकांना चुकीचा ठाऊक असतो. 'रिमूव्ह' प्रोग्रामच्या फाइली काढते पण 'ईटीसी' फोल्डरमधल्या, सर्व वापरकर्त्यांना लागू असणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या फाइली ठेवते, पुढेमागे तो परत घेतला तर त्या कामाला याव्यात म्हणून. 'पर्ज' त्याही काढते. होम फोल्डरमध्ये मात्र दोघींपैकी एकही जात नाही. 'पर्ज' केले म्हणजे सगळा माग पुसला गेला ही समजूत चूक आहे. डब्ल्यूएमकंट्रोलपुरते बोलायचे तर 'ईटीसी'मध्ये त्याचे काहीच नसते, म्हणून दोन्ही आज्ञांचा परिणाम एकच.

होकार देण्यापूर्वी पडद्यावर 'ही पॅकेजे काढली जातील' अशा अर्थाची जी यादी येते ती वाचावी. तिच्यात एकच नाव असावे. जास्त नावे दिसली तर दुसरे कोणते तरी पॅकेज या साधनावर अवलंबून आहे आणि तेही सोबत जाणार आहे, असा त्याचा अर्थ होतो. आज्ञेत 'डॅश एस' घातला तर ॲप्ट प्रत्यक्ष काही न काढता नुसती रंगीत तालीम करून दाखवते. त्यानंतर 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' द्यावे असे सांगण्याची पद्धत आहे. कोणालाच न लागणारी, सोबतीने आलेली सामग्री ती गोळा करून टाकते. या साधनासोबत बहुधा काही आलेलेच नसते, त्यामुळे यादीत जे दिसेल ते दुसऱ्याच कुठल्या तरी पॅकेजमुळे मागे राहिलेले असणार. ती यादी न वाचता वाय दाबू नये.

मागच्या दाराने आलेले

आमच्याच कार्यालयातल्या एका जुन्या यंत्रावर पॅकेज काढल्यानंतरही आज्ञा चालत होती. 'टाइप डॅश ए' आणि साधनाचे नाव दिल्यावर उत्तर मिळाले : 'यूएसआर'मधल्या 'लोकल'च्या 'बिन'मध्ये आणखी एक प्रत बसलेली आहे. माझ्या आधी देखभाल करणाऱ्याने मूळ प्रोग्रामची संहिता (सोर्स कोड) उतरवून, 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञांनी ती स्वतः बांधून घेतली होती. असे बांधणे गैर नाही, पण ही गाठ मागच्या दाराने आत येते. आवक-जावक वहीत तिची नोंद नसते, ॲप्टला ती दिसत नाही, आणि आज्ञा शोधताना बॅश 'लोकल' आधी पाहतो म्हणून प्रत्यक्षात चालते तीच प्रत. या साधनाच्या बाबतीत ही रीत टाळण्याचे आणखी एक कारण आहे. मूळ १.०७ मध्ये ६४ बिटांच्या संगणकांवर त्रास देणारी एक चूक आहे. उबंटू ज्यावर आधारलेले आहे त्या डेबियनने आपल्या पॅकेजात ती दुरुस्त केली आणि उबंटूला तेच पॅकेज मिळते. मूळ संहिता बांधणाऱ्याच्या वाट्याला ती चूक जशीच्या तशी येते.

अशी प्रत काढायची तर ज्या फोल्डरात ती बांधली त्याच फोल्डरात जाऊन 'सुडो मेक अनइन्स्टॉल' द्यावे. तो फोल्डर टाकून दिलेला असेल, आणि बहुधा असतोच, तर तीच संहिता पुन्हा उतरवून 'कॉन्फिगर' करून मग 'अनइन्स्टॉल' द्यावे, किंवा 'लोकल'खालची चालवण्याची फाइल आणि माहितीचे पान अशा दोनच फाइली हाताने पुसाव्यात. हाताने पुसताना पूर्ण पत्ता टंकावा आणि एंटर दाबण्यापूर्वी तो मोठ्याने वाचावा, अशी माझी सवय आहे. सुडोने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही.

शेवटची तपासणी करताना त्याच टर्मिनलमध्ये साधनाचे नाव टंकले, तर कधी 'यूएसआर-बिनमधली फाइल सापडत नाही' असा बुचकळ्यात टाकणारा संदेश येतो. काढले ना, मग जुना पत्ता का सांगतो? बॅश एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी न शोधता थेट तिथे जातो. घर रिकामे झाले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 'हॅश डॅश आर' दिल्यावर, किंवा नवे टर्मिनल उघडल्यावर, ते जुने पत्ते विसरले जातात. मग पुन्हा सहा अक्षरे टंकून एंटर दाबावे. उबंटू आज्ञा सापडली नाही असे सांगते आणि त्याच संदेशात, हवी असल्यास ती कोणत्या ॲप्ट आज्ञेने बसवता येईल, तेही लिहून देते.